पॅनेल भिंतीवर, मिक्सर कुलपात

या वेळी पत्रं बरीच आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच: ॲम्प-मिक्सर एकीकडे, चालवणारा माणूस दुसरीकडे. त्यातल्या एका पत्राला मी जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांच्या शंकाही त्या उत्तरात बऱ्याचशा सुटतात. ज्यांना दोन ओळींत आटोपलं त्यांनी रागावू नये.

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या गावात विठ्ठल मंदिराला लागून ट्रस्टचं सभागृह आहे. बेहरिंगरचा एक्सआर १८ मिक्सर आणि ॲम्प मागच्या खोलीत, रॅकमध्ये कुलपात असतात. चालवायला टॅब्लेट होता, तो कधी चार्ज नसतो तर कधी पुजारीकाकांचा नातू गेम खेळायला घेऊन गेलेला असतो. कीर्तन, लग्न, ग्रामसभा, सगळं इथेच होतं. व्यासपीठाजवळ, ऑफिसात आणि गेटपाशी अशी बटणं-नॉबांची तीन पॅनेलं भिंतीत बसवायची आहेत. ठेकेदाराने सांगितलेला आकडा ट्रस्टला झेपणारा नाही. माझा मुलगा डिप्लोमाला आहे, ईएसपी३२ वर (वाय-फाय असलेला, प्रोग्राम भरायचा छोटा बोर्ड) थोडंफार काम करतो. घरच्या घरी होईल का? (एक विश्वस्त, सातारा जिल्हा)

होईल. मुलाला जेवढं येतं तेवढं पुरतं. फक्त त्याला लगेच सोल्डरिंग करायला बसू देऊ नका. आधी कागद घेऊन लिहून काढा, की कोणत्या जागी उभ्या असलेल्या माणसाला काय बदलता आलं पाहिजे. व्यासपीठाजवळ बुवांचा कॉलर माईक, एक हातातला माईक, पेटी-पखवाजाचा मिळून एक आवाज आणि एक म्यूट. ऑफिसात ‘कीर्तन’, ‘ग्रामसभा’, ‘लग्न’, ‘सगळं बंद’ अशी चार बटणं. गेटपाशी बाहेरचा भोंगा चालू-बंद, बस्स. गेन (माईकचा मूळ जोर), इक्यू (जाड-बारीक आवाजाची जुळणी), फँटम (माईकला मिक्सरने द्यायची वीज) यांतलं काहीही भिंतीवर येता कामा नये. गेन हाताशी असला की कोणीतरी तो ऐन अभंगाच्या चालीवर फिरवतोच.

आता मूळ गोष्ट. एक मिक्सर आणि तीन पॅनेलं म्हटलं, की ‘आवाज सध्या किती आहे’ हे चारही ठिकाणी लिहून ठेवायचा मोह होतो. तो टाळा. खरं काय ते एकट्या मिक्सरला ठाऊक असतं. पॅनेलने मागणी करायची आणि मिक्सर जे सांगेल तेच दाखवायचं, स्वतःच्या मनाने एकही दिवा लावायचा नाही. लोकांनी घरी केलेली पॅनेलं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांत हटकून हाच घोळ असतो. बटण दाबल्या दाबल्या प्रोग्राम लाल दिवा लावून मोकळा होतो, मिक्सरपर्यंत निरोप पोचलाय की नाही याची चौकशीच नाही. लाल दिवा बघून बुवा निर्धास्तपणे शेजारच्याला काहीतरी पुटपुटतात आणि ते अख्ख्या आळीला ऐकू जातं.

मिक्सरशी बोलायची भाषा ओएससी, म्हणजे ओपन साउंड कंट्रोल. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९९७ साली ती पुढे आली आणि आज निम्मं ध्वनिजगत ती बोलतं. तुमचा एक्सआर १८ ही भाषा यूडीपीवरून (नेटवर्कवर निरोप टाकायची एक साधी पद्धत), पोर्ट १००२४ वर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, ऐकतो. (मोठा एक्स३२ असता तर १००२३.) संदेश म्हणजे तिरक्या रेघांनी जोडलेला एक पत्ता आणि त्यापुढे किंमत. चॅनेल, ०१, मिक्स, फेडर (आवाजाची सरकपट्टी) असा पत्ता, आणि किंमत ० ते १ मधली. मुलगा तयार लायब्ररी वापरणार असेल तर प्रश्न नाही, पण स्वतः लिहिणार असेल तर एक खाच सांगून ठेवते. प्रत्येक शब्दाची लांबी शून्यं (‘०’ हे अक्षर नव्हे, रिकामे बाइट) भरून ४ च्या पटीत न्यावी लागते, आणि शब्द मुळातच ४ च्या पटीत संपत असेल तरीही आणखी ४ शून्यं लागतात. हे चुकलं तर मिक्सर तक्रार करत नाही, नुसता गप्प बसतो. मग पोरं वायरिंग तपासत रात्र काढतात.

किंमतीचं गणित सरळ रेषेतलं नाही. ०.७५ म्हणजे ० डेसिबल, १ म्हणजे अधिक १०, ०.५ म्हणजे उणे १०, आणि ०.२५ म्हणजे थेट उणे ३०. म्हणजे ०.५ च्या वर १ डेसिबलला ०.०२५ सरकावं लागतं आणि ०.५ ते ०.२५ या पट्ट्यात त्याच्या निम्मंच. म्हणून पॅनेलचा सगळा हिशेब डेसिबलमध्ये ठेवा आणि पाठवायच्या क्षणी त्याचा अपूर्णांक करा. बुवांच्या माईकला सुरुवातीला वरची हद्द अधिक ३ आणि खालची उणे २० घाला. वरची हद्द नेमकी कुठे, हे रिकाम्या सभागृहात स्पीकरची शिट्टी (फीडबॅक) वाजेपर्यंत आवाज चढवून बघा आणि तिथून ६ डेसिबल खाली या. लोक भरल्यावर आणखी थोडी मोकळीक मिळते, ती हाताशी असू द्या.

यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, पोचल्याची पावती येत नाही. म्हणून म्यूटच्या बटणाचा प्रवास मी कसा करते ते नीट सांगते. बटण दाबलं, की पॅनेलवरचा दिवा लुकलुकायला लागतो. मिक्सरला संदेश जातो: या चॅनेलचा ‘ऑन’ ० कर. लगेच मागोमाग तोच पत्ता किंमत न घालता पाठवायचा. नुसता पत्ता गेला, की मिक्सर तिथली सध्याची किंमत परत पाठवतो. उत्तर ० आलं तर दिवा स्थिर लाल. पाव सेकंदात उत्तर नाही आलं तर पुन्हा तेच सगळं. दोन-तीनदा होऊनही काही नाही तर दिवा झपाझप लुकलुकत ठेवायचा, म्हणजे समोरच्याला कळतं की पॅनेलवर विसंबायचं नाही, माईकचं बटण बंद करायचं. यात एक पथ्य आहे. ‘असेल त्याच्या उलट कर’ असा संदेश कधीही पाठवू नका, ‘बंद कर’ किंवा ‘चालू कर’ असाच पाठवा. ‘बंद कर’ तीनदा पोचलं तरी बंदच राहतं. ‘उलट कर’ दोनदा पोचलं तर माईक पुन्हा सुरू.

मिक्सरमध्ये दुसऱ्या कोणी, समजा टॅब्लेटवरून, काही बदललं तर? त्यासाठी ‘एक्सरिमोट’ नावाचा संदेश आहे. तो पाठवला की मिक्सर इतरांनी केलेले बदल कळवत राहतो, पण १० सेकंदच. त्यामुळे दर ७-८ सेकंदांनी तो पुन्हा पाठवत राहायचा. ऑफिसातलं ‘कीर्तन’ बटण मिक्सरमधला साठवलेला स्नॅपशॉट, म्हणजे सगळ्या सेटिंगांचा संच, उठवतं (असे ६४ ठेवता येतात), तेव्हा एका झटक्यात सगळंच बदलतं. अशा वेळी येतील त्या बातम्यांवर विसंबू नका, हव्या त्या सगळ्या पत्त्यांना एकदा विचारून घ्या. आणि ही चार बटणं दोन सेकंद दाबून धरल्याशिवाय चालू नयेत. कीर्तन रंगात असताना कोणाच्या तरी कोपराने ‘लग्न’ लागलं आणि आवाज मंगलाष्टकांच्या मापाने झाला तर नंतर समजूत घालत बसावं लागतं.

नॉब कोणता घ्यायचा? साधा पोटेन्शिओमीटर, म्हणजे जुन्या रेडिओवर असायचा तसला नॉब, नको. त्याला स्वतःची जागा असते. व्यासपीठावरचा नॉब निम्म्यावर आणि ऑफिसातून आवाज पाऊणवर नेलेला असला, तर व्यासपीठावरच्याने नॉबला नुसतं बोट लावलं तरी आवाज दाणकन खाली येतो. खटके देत कितीही फिरणारा रोटरी एन्कोडर घ्या, ईसी११ जातीचा, फेरीला २० खटके. एका खटक्याला १ डेसिबल, म्हणजे बोटालाही हिशेब कळतो. आवाज कुठे आहे ते शेजारच्या एलईडींच्या पट्टीवर दिसेल, अर्थात मिक्सरने सांगितलेलं. एन्कोडरचे संपर्क थरथरतात, त्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर प्रोग्राममधली निम्मी झटापट वाचते. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं. एन्कोडर मात्र हातात घेऊन फिरवून बघूनच घ्या. काहींचे खटके इतके मऊ असतात की फिरलाय की नाही तेच समजत नाही.

बोर्ड म्हणाल तर वाय-फायवरचा साधा ईएसपी३२ नको. ग्रामसभेला खच्चून लोक भरले की प्रत्येकाच्या खिशात एक फोन, आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांनीच व्यापलेला. इथरनेट सॉकेटसह येणारा डब्ल्यूटी३२-ईटीएच०१ घ्या. त्याला यूएसबी नाही, प्रोग्राम भरायला वेगळा अडॅप्टर लागतो. त्याच्या ३५, ३६, ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतून पुल-अप (बटण मोकळं असताना पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही, तेव्हा बाहेरून १० किलोओहमचे रेझिस्टर लावा.

तिन्ही पॅनेलांनी मिक्सरशी परस्पर बोलू नये. मध्ये एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, ठेवा. वर सांगितलेलं ओएससीचं सगळं बोलणं मिक्सरशी तो एकटाच करेल आणि पॅनेलांशी एमक्यूटीटीवरून बोलेल (यंत्रांनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत; निरोप वाटणारा मधला तो ब्रोकर). हद्दी, वेळेची कुलपं, कोणाला काय अधिकार, हे सगळं एकाच जागी राहतं. बदल करायचा झाला तर भिंतीतली तीन खोकी उघडावी लागत नाहीत. एमक्यूटीटीची दोन अंगं इथे फार कामाला येतात. शेवटचा संदेश ब्रोकरकडे राखून ठेवता येतो, त्यामुळे लाईट जाऊन आल्यावर पॅनेल उठलं की त्याला ताबडतोब परिस्थिती कळते. आणि पॅनेलला आधीच आपलं ‘मृत्युपत्र’ लिहून ठेवता येतं. ते अचानक गायब झालं की ब्रोकर ते सगळ्यांना वाचून दाखवतो आणि ऑफिसात दिसतं की गेटवरचं पॅनेल मेलंय. कीप-अलाइव्ह (‘मी जिवंत आहे’ असं कळवायची मुदत) १० सेकंद ठेवलात तर हे साधारण १५ सेकंदांत कळतं. पायच्या एसडी कार्डाची मात्र काळजी घ्या. आपल्याकडे लाईट सांगून जात नाही. सगळं सुरळीत चालायला लागलं की रास्पी-कॉन्फिगमधून (पायच्या सेटिंगांचा प्रोग्राम) ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. मिक्सर, पाय आणि स्विच एका छोट्या यूपीएसवर घ्या. ॲम्प त्यावर घेऊ नका.

वायर कॅट-६, पण शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास त्याच नावाने विकतात. त्याच वायरीतून पॅनेलला वीज न्यायची म्हटलं की तिचे दोष उघडे पडतात. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी दिसली तर परत करा. पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारा) स्विच घ्या आणि प्रत्येक पॅनेलमागे ४८ चे ५ व्होल्ट करणारा स्प्लिटर बसवा, वेगळा अडॅप्टर लागत नाही. लाईटच्या वायरींच्या पाइपातून ही केबल नेऊ नका. गेटचं अंतर तुम्ही लिहिलेलं नाही. १०० मीटरच्या वर असेल तर तांबं चालणारच नाही. कमी असलं तरी केबल उघड्यावरून जात असेल तर मी फायबरच टाकेन, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (विजेचे संकेत प्रकाशात आणि परत बदलणारं खोकं) लावून. वळवाच्या पावसात वीज झाडावर पडते आणि तांब्याच्या वायरीवरून रॅकपर्यंत येते. फायबरमधून ती येत नाही. मग गेटच्या पॅनेलला वीज तिथल्या तिथेच द्यावी लागेल, ती तेवढी अडचण सोसा.

प्रश्न : आमच्या मंदिरात कार्तिकात पहाटे काकड आरती असते. बाहेरचे भोंगे लावल्याबद्दल पोलिसांनी समज दिली. पॅनेलमध्येच वेळेचं कुलूप घालता येईल का? (नाशिक जिल्हा)

येईल, आणि घालाच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत ऐकण्यासाठी लावलेल्या यंत्रणेला त्यातून मोकळीक आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण पहाटेसाठी ती नाही. तेव्हा आतले स्पीकर आणि बाहेरचे भोंगे मिक्सरच्या वेगवेगळ्या आउटपुटवर घ्या. कुलूप फक्त भोंग्यांना. म्यूटवर न थांबता भोंग्याच्या ॲम्पचा सप्लायच रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) तोडा, म्हणजे टॅब्लेटवरून कोणी म्यूट काढला तरी बाहेर आवाज जात नाही.

यात एक गंमत लपलेली आहे. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्यांत स्वतःचं घड्याळच नसतं. पाच नंबरच्या पायमध्ये आहे, पण त्याला बॅटरी वेगळी जोडावी लागते. इंटरनेट नसताना लाईट जाऊन आली की पाय भलतीच वेळ धरून बसतो आणि कुलूप पहाटे उघडतं. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ-मॉड्यूल आणि सीआर२०३२ चा सेल लावला की झालं. आणि घड्याळ सापडलं नाही तर भोंगे बंदच, असं प्रोग्राममध्ये लिहा.

प्रश्न : शाळेत २४ वर्ग आहेत. मुख्याध्यापकांच्या खोलीतून सूचना द्यायच्या असतात. प्रत्येक वर्गात आवाज कमी-जास्त करायला नेटवर्कचं पॅनेल हवं. खर्च किती येईल? (मुख्याध्यापिका, इचलकरंजी)

बाई, खर्च करूच नका. तुम्हाला नेटवर्क नको आहे, १०० व्होल्ट लाईन हवी आहे. पीएच्या (सूचना देण्याच्या) ॲम्पला मागे ७० आणि १०० व्होल्टचे टर्मिनल असतात. तिथून एक जोडवायर सगळ्या वर्गांतून फिरते आणि प्रत्येक स्पीकरला आपला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यावर ६ वॅटचा टॅप (ट्रान्सफॉर्मरवरची वॅटची निवड) धरला तर २४ गुणिले ६, म्हणजे १४४ वॅट. २५० वॅटचा ॲम्प घेतलात तर पुढे ग्रंथालय आणि व्हरांडाही जोडता येईल. वर्गातला आवाज कमी करायला स्विचबोर्डातच बसणारा ट्रान्सफॉर्मरचा व्हॉल्यूम कंट्रोल मिळतो, त्याला प्रोग्रामही लागत नाही आणि पासवर्डही. फक्त तो २४ व्होल्टच्या प्रायॉरिटी रिलेसह मागून घ्या. मग एखाद्या वर्गाने आवाज पूर्ण बंद केलेला असला तरी आगीची किंवा अतिवृष्टीची सूचना पूर्ण आवाजात पोचते.

प्रश्न : भिंतीवर जुना मोबाइल चिकटवून त्यातच ॲप चालवलं तर पॅनेलं कशाला हवीत? (पिंपरी)

महिन्याभरासाठी चालेल. चोवीस तास चार्जरला लावलेल्या फोनची बॅटरी फुगते, आणि ऐन कार्यक्रमात पडद्यावर अपडेटची विचारणा येते. शिवाय काचेवर बोट नेमकं कुठे आहे हे बघावं लागतं. निवेदकाची नजर श्रोत्यांकडे असते, त्याला हाताला लागेल असं बटण पाहिजे. फोन चाचणीसाठी उत्तम आहे, पॅनेल करण्याआधी कोणाला काय हवंय ते त्यावर ठरवून घ्या.

प्रश्न : मी मस्कतला असतो. गावच्या मंदिराची यंत्रणा इथून चालवता येईल का? राउटरवर पोर्ट उघडून दिलं तर होईल असं एकजण म्हणतो. (मूळ गाव मालवणजवळ)

त्या एकजणाला राउटरला हात लावू देऊ नका. ओएससीला पासवर्ड नावाचा प्रकारच नाही. पोर्ट उघडं टाकलं, की जगातला कोणीही तुमच्या मंदिराचा फेडर वर नेईल. तसंही गावातलं कनेक्शन मोबाइल सिमवर असेल तर कंपनी सार्वजनिक आयपी (बाहेरून गाठता येणारा पत्ता) देत नाही, पोर्ट उघडून काही उपयोग होत नाही. पायवर वायरगार्ड (इंटरनेटवरून खाजगी, कुलूपबंद वाट करून देणारा प्रोग्राम) टाका. ते २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. मधला सर्व्हर सांभाळायचा नसेल तर त्यावरच बेतलेलं टेलस्केल घ्या. तुमचा लॅपटॉप आणि तो पाय एवढेच दोघं एका खाजगी जाळ्यात येतात.

पण तिथून तुम्ही ऐकणार काय? मीटरच्या हिरव्या रेघांवरून शिट्टी कळत नाही. सभागृहात मागच्या रांगेपाशी, पंख्यापासून दूर, एक साधा माईक टांगा. तो मिक्सरच्या रिकाम्या चॅनेलवर घ्या, मेनमध्ये (सभागृहाच्या स्पीकरांकडे जाणाऱ्या आवाजात) अजिबात जाऊ देऊ नका, नाहीतर फिरून तीच शिट्टी. तो एकट्याच्या ऑक्सवर (मेनपासून वेगळ्या आउटपुटवर) काढून पायमार्फत तुम्हाला ऐकवता येईल. आवाज तुमच्यापर्यंत थोडा उशिरा पोचेल, म्हणून एकदा १ डेसिबल बदललं की थांबा, ऐका, मगच पुढचं. आणि गावात एकाला तरी रॅकची किल्ली देऊन ठेवा.